उरलेला श्वास

लॉबी हे त्याचं खरं नाव नव्हे. तळघरातल्या पोरांनी ते पहिल्याच रविवारी ठेवलं आणि मग ते चिकटलं.

एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत तो संध्याकाळी कीबोर्ड वाजवत गायचा. पाहुणे बॅगा घेऊन यायचे, खोलीची किल्ली घ्यायचे, लिफ्टकडे जायचे, आणि त्यांच्या पाठीमागे त्याचा आवाज असायचा, सोफ्याच्या कापडासारखा मऊ. कुणी थांबून ऐकायचं नाही. कुणाला त्रासही व्हायचा नाही. मॅनेजर कौतुकाने म्हणायचा, "तुमचं गाणं कसं, असून नसल्यासारखं." तो हसून मान डोलवायचा आणि घरी जाईपर्यंत ते वाक्य चघळत राहायचा. माणसाने उभं आयुष्य गावं आणि एकानेही मान वळवू नये, हे त्याला चाळिशीच्या उंबरठ्यावर फार खुपायला लागलं. म्हणून त्याने रॅप करायचं ठरवलं. रॅपवाल्यांकडे लोक बघतात, हे त्याने पाहिलं होतं.

दुकानांच्या एका इमारतीखाली गाड्या लावायचं तळघर होतं. रविवारी दुपारी दुकानं बंद, गाड्या नाहीत. तिथे पोरंपोरी जमायची. खांद्याला खांदा लावून गोल करायची. माईक नाही, मागे संगीत नाही. एकजण प्लास्टिकच्या उपड्या क्रेटवर ठेका धरायचा, बस. नव्या माणसाने गोलाबाहेर उभं राहायचं आणि बोलायचं असेल ते लोकांच्या खांद्यांवरून बोलायचं. बोलणं पटलं, तर गोलातलं कुणीतरी काही न म्हणता जरा बाजूला सरकायचं आणि त्याला आत जागा करून द्यायचं. टाळ्या वाजवायची पद्धतच नव्हती. जागा मिळाली म्हणजे माणूस खरा ठरला.

पहिल्या रविवारी तो भुकेवर बोलला. फुटपाथवर बोलला, पोलिसांच्या काठीवर बोलला. यातलं काहीच त्याने भोगलं नव्हतं. दुसऱ्यांच्या रॅपमध्ये हे असतं, म्हणून त्यानेही घेतलं. शिवाय त्याचा आवाज जन्माचा गोड. ठेका धरणाऱ्या पोराने हात थांबवून हसू दाबलं.

गोलात एक मुलगी होती. सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर बसायची, बिलं करायची. तिला सगळे चाळणी म्हणायचे, कारण कुणाचंही बोलणं ती गाळून घेतल्याशिवाय मान्य करत नसे. ती सरकली की बाकीचे सरकायचे.

ती म्हणाली, "काका, तुमच्या भुकेला लोणी लावलंय."

"आणि वरून पिठीसाखर," मागून कुणीतरी जोडलं.

तो पुढचे कितीतरी रविवार गेला. बोलायचा, ऐकायचा, आणि समोरच्या पाठी बघून परत यायचा. बायको चष्म्यांच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. ती म्हणायची, अहो, दगडावर डोकं आपटून कपाळालाच टेंगूळ येतं. तो म्हणायचा, एकदा तरी सरकतील.

मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली.

गाठ वाईट नव्हती, पण काढावी लागली. आपल्या गळ्यात आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. दाराच्या दोन फळ्यांसारख्या त्या मिटतात आणि उघडतात. मिटल्या की आवाज निघतो, आणि आपण काही गिळतो तेव्हाही त्या घट्ट मिटतात, म्हणजे पाणी श्वासाच्या वाटेला जात नाही. त्या हलवणारी नस बारीक दोऱ्याएवढी असते आणि नेमकी गाठीला चिकटून जाते. गाठ काढली, पण एका बाजूची नस दुखावली. एक फळी उघडी ती उघडीच राहिली. डॉक्टर म्हणाले, नस जागी होईल किंवा होणार नाही. वर्षभर वाट पाहायची.

त्याने शुद्धीवर येऊन बायकोला हाक मारली, तर फक्त वारा निघाला.

पुढे आवाज आला, पण तो पत्र्यावर ओढलेल्या खुर्चीसारखा. तीन-चार शब्द बोलले की श्वास संपायचा, कारण उघड्या फळीतून हवा वाया जायची. पाणी पिताना ठसका लागायचा. हनुवटी छातीला टेकवून घोट घोट घ्यावा लागायचा. पहिलीतली लेक त्याच्यासमोर बसून तशीच हनुवटी टेकवायची आणि म्हणायची, बाबा, आपण दोघं कबुतरं. तेवढ्यापुरतं घरात हसू यायचं. एकदा त्याने थोरल्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, कोण बोलतंय? तो म्हणाला, मी. तिने कोण म्हणून आणखी दोनदा विचारलं आणि फोन ठेवून दिला. नंतर कळल्यावर ती बिचारी रडली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

हॉटेलने त्याच्या जागी एक स्पीकर लावला. कुणी मान वळवली नाही.

इस्पितळात वाचा शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्याकडे मुलंच जास्त यायची. कुणी बोबडं, कुणी अडखळणारं. खोलीत छोट्या रंगीत खुर्च्या होत्या, मोठी एकच, आणि ती बाईंची. तो लाल खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसायचा. बाई पेन्सिलीने टेबलावर टकटक करून ताल धरायच्या आणि त्याच्याकडून लहान लहान वाक्यं म्हणून घ्यायच्या. तो घाईघाईने वाक्य संपवायला जायचा आणि शेवटचे शब्द हवेतच विरायचे.

बाई म्हणाल्या, "श्वास संपेल तिथे थांबायचं. वाक्याच्या मध्ये थांबलं तरी चालतं. पोरं नाही का थांबत? त्यांना कुठे लाज वाटते?"

तो गाणारा माणूस. बाईंची पेन्सिल वाजू लागली की त्याचे शब्द आपोआप तालात बसायचे. हळूहळू तो घरीही ताटाच्या कडेवर बोट वाजवत वाक्यं जुळवू लागला. श्वास कुठे तुटणार हे आधी ठाऊक नसायचं. तुटला की तो थांबायचा, आणि थांबून पुढचा शब्द टाकायचा.

बऱ्याच महिन्यांनी एका रविवारी तो तळघरात गेला. कुणीतरी म्हणालं, अरे, लॉबी परत उघडली. तो गोलाबाहेर जाऊन उभा राहिला. त्याची पाळी आल्यावर त्याने खांद्यांमागून सुरुवात केली.

घोटभर पाणी, तेही वाट चुकतं,
लेक हाक मारते, उत्तर तोंडातच सुकतं.
फोन लावला, पलीकडून म्हणे कोण?
मी म्हणालो, मी. तिने ठेवला फोन.

कागदावर हे चार ओळींचं दिसतं. तिथे ते असं झालं, की "उत्तर" म्हटल्यावर त्याचा श्वास संपला. खांदे वर गेले, तोंड उघडं राहिलं, आणि क्रेटवरचा ठेका एकटाच पुढे चालत राहिला. मग कुठूनतरी हवा ओढून त्याने "तोंडातच सुकतं" म्हटलं. शेवटच्या ओळीत दुसरा "मी" निघालाच नाही. नुसते ओठ हलले. त्यावर खोकला आला, आणि तो वाकून खोकत राहिला.

त्याने डोळे पुसून वर पाहिलं तेव्हा समोर पाठी नव्हत्या. चाळणी एका बाजूला सरकली होती, तिच्या शेजारचा दुसऱ्या बाजूला. मधे एका माणसापुरती जागा होती.

त्या दिवसापासून तो गोलातला झाला. पोरं त्याला लॉबीकाका म्हणायची, पण आता त्यात टोमणा नव्हता. कुणीतरी त्याच्यासाठी पाण्याची बाटली आणायचं आणि तो हनुवटी टेकवून पिताना सगळे गप्प राहायचे. दुसऱ्या वस्त्यांतले गोल त्याला बोलावू लागले. त्याचे व्हिडिओ फिरू लागले. बसमध्ये एक अनोळखी बाई वळून त्याच्याकडे बघत राहिली, आणि उतरताना म्हणाली, "माझ्या भावाचं असंच झालंय." आयुष्यभर जी मान वळण्याची तो वाट बघत होता, ती अशी वळली. घरी मात्र ठसके चालूच होते. बायको झोपेतही कान उघडे ठेवायची. त्याचा खोकला नेहमीचा की घाबरण्यासारखा, हे तिला अंथरुणातूनच कळायचं.

वर्ष संपत आलं होतं. एका सकाळी तो आंघोळीला गेला आणि साबण नाही म्हणून दारातून लेकीला हाक मारली.

हाक खणखणीत गेली.

लेक साबण द्यायचा सोडून आईकडे पळाली. "आई, बाबांचा जुना आवाज आला!" ती घरभर नाचली. तो ओल्या अंगाने तसाच उभा राहिला. त्याने दबकत एक सूर लावून पाहिला. सूर लागला. वर जायला गेला, तर तिथे काही नव्हतं, शिडीच्या वरच्या पायऱ्या कुणी काढून नेल्यासारख्या. पण बोलणं सरळ होतं, श्वास पुरत होता.

डॉक्टरांनी गळ्यात कॅमेरा घालून पाहिलं. आळशी फळी हलू लागली होती. वाचेच्या बाई एवढ्या खूश झाल्या, की मुलांच्या तक्त्यावर लावायचा चांदणीचा स्टिकर त्यांनी त्याच्या हातावर लावला.

त्याने बाईंना विचारलं, "आता सगळं येईल?"

"बोलणं येईल. गाणं, पहिल्यासारखं... नाही. ते येईल असं मी खोटं सांगणार नाही."

म्हणजे गायक म्हणून तो संपला होता, आणि आजारी आवाजाचा रॅपर म्हणूनही संपत होता. उरला होता तो चारचौघांसारखा बोलणारा एक माणूस. असे तर गल्लोगल्ली असतात.

दोन आठवड्यांवर मोठा कार्यक्रम होता. सगळ्या वस्त्यांचे गोल एका बंद पडलेल्या गोदामात जमणार होते आणि शेवटचं बोलणं त्याचं होतं. त्याने घरात सांगितलं, आवाज आल्याचं इतक्यात कुणाला कळू द्यायचं नाही. बायकोने विचारलं, का? तो म्हणाला, पुन्हा गेला तर? तिला ते पटलं.

गोदामात त्याने त्याच चार ओळी म्हटल्या. "उत्तर" या शब्दावर तो थांबला. छातीत श्वास भरपूर होता, आणखी दोन ओळी सहज निघाल्या असत्या. तो तोंड उघडं ठेवून उभा राहिला आणि ठेका जाऊ दिला. शेवटचा "मी" त्याने गिळला. मग खोकला काढला.

एवढी माणसं, पण कुणी पायसुद्धा हलवला नाही. पुढच्या रांगेतला एक धिप्पाड पोरगा तळहाताने डोळे पुसत होता. नंतर गर्दीतून वाट काढत चाळणी आली. ती कधी कुणाला असं काही म्हणत नसे, पण आज तिने दुसऱ्या गोलांच्या लोकांसमोर त्याचा हात धरून सांगितलं, "यांच्यात भेसळ नाही. माझी हमी."

त्याने मान हलवली. बोलायचं झालं असतं, तर फाटक्या आवाजात बोलावं लागलं असतं.

यानंतर घरातसुद्धा कोणता आवाज कधी काढायचा, हे तो ठरवू लागला. दाराशी कुणी आलं की फाटका, फोनवर फाटका, जेवताना साधा. एके दिवशी लेक शाळेतून आली आणि म्हणाली, मी बाईंना सांगितलं, माझे बाबा बरे झाले. बाईंनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

तो तिच्यावर ओरडला. दार उघडं होतं आणि शेजारीण बाहेर कपडे वाळत घालत होती, म्हणून ओरडला तोही फाटक्या आवाजात.

लेकीचं तोंड एवढंसं झालं. ती म्हणाली, "मग मी काय सांगू? तुमचा आवाज कोणता आहे?"

बायकोने उठून दार लावलं. लेकीला आतल्या खोलीत चित्रं काढायला बसवलं आणि परत येऊन त्याच्यासमोर बसली.

"गोदामातला व्हिडिओ पाहिला मी. कामावर, काचा घासता घासता," ती म्हणाली. "तो खोकला तुमचा नव्हता."

"खोकला तो खोकला. त्यात काय माझा-तुझा?"

"अहो, वर्षभर तो ऐकत जागी राहिलेय मी. तुमचा खोकला आधी घशात अडकतो आणि मग फुटतो. हा सरळ बाहेर आला, नाटकातल्या म्हाताऱ्यासारखा."

तो हसायला गेला, पण जमलं नाही. मग म्हणाला, "खरं बोललो तर मी तिथे कोण? कितीतरी रविवार त्यांच्या पाठी बघितल्यात मी."

"आणि हे असंच चालवलं, तर पोरगी कुणाला हाक मारणार?" एवढं बोलून ती पीठ मळायला गेली. बराच वेळ परातीचा आवाज येत राहिला, जरा जोरातच.

पुढच्या रविवारी तो तळघरात गेला. नेहमीच्या जागी, चाळणीच्या शेजारी उभा राहिला. ठेका सुरू झाला आणि त्याने त्या चार ओळी एका दमात म्हणून टाकल्या. न थांबता, प्रत्येक शब्द स्वच्छ, शेवटचा "मी"सुद्धा.

त्याला स्वतःलाच ऐकू आलं, की ओळी मेल्या होत्या. वाट चुकणारं पाणी सरळ वाहत होतं. शब्द तेच होते, पण पुन्हा लोणी लागलं होतं.

क्रेटवरचा हात थांबला. त्याने सांगितलं, की आवाज परत येऊन महिना झाला. गोदामात तो थांबला तेव्हा श्वास संपला नव्हता, आणि खोकलाही खरा नव्हता. त्याआधीचं सगळं खरं होतं, पण तेवढं खोटं होतं. हे सांगताना त्याचा आवाज कापला. पण तसा तर कुणाचाही कापतो.

मग ठेका धरणारा पोरगा म्हणाला, "काका, बरे झालात ना? चांगलं झालं की." दुसरा म्हणाला, अभिनंदन. एकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. आणि मग क्रेट पुन्हा वाजू लागला, आणि ज्याची पाळी होती तो कारखान्यात गेलेल्या आपल्या बोटांबद्दल बोलू लागला. सगळे गोलाच्या त्या बाजूला वळले. लॉबीही ऐकत राहिला. ते बोलणं चांगलं होतं.

चाळणी मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. संपल्यावर ती तळघराच्या उतारावरून वर निघाली, तेव्हा तो तिच्या मागून गेला.

"तू रागावलीस," तो म्हणाला.

"तुमच्यावर? नाही." ती थांबली. "मी तिथे हमी घेतली, काका. सगळ्यांसमोर. आता मी कुणासाठी सरकले, तर पोरं म्हणणार, चाळणीला आधीच भोकं, त्यात हे एक भगदाड. आणि त्यांचं चुकणारही नाही. त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं, की तुमचा श्वास संपलाय. अंगावर काटा आला होता माझ्या. त्या काट्याचं काय करू मी?"

तो म्हणाला, चूक झाली.

"ते कळलं. सांगितलंत हेही बरं केलंत. दुसरा कुणी सांगता ना." तिने बॅग खांद्यावर नीट घेतली. तिची संध्याकाळची पाळी सुरू व्हायची होती. "जागा तुमची आहे, ती कुणी काढून घेणार नाही. पण आता त्या जागेवरून बोलणार काय?"

"माहीत नाही."

"मग ऐकत उभे राहा," ती म्हणाली आणि निघून गेली.

तो चालतच घरी आला. लेक जमिनीवर पालथी पडून वहीत काहीतरी गिरवत होती. तिने मान वर केली नाही. आठवडाभर ती त्याच्याशी बेताचंच बोलत होती. बायकोने चहा पुढे केला आणि विचारलं, काय म्हणाले?

"बरा झालो म्हणाले. अभिनंदन केलं."

"मग खरंच आहे ते."

"हो," तो म्हणाला. "खरंच आहे."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठून खिडकीतले कपडे आत घ्यायला गेली. त्याने कप उचलला. थोड्या वेळाने त्याने लेकीला तिच्या नावाने हाक मारली, साध्याच आवाजात. तिने पेन्सिल थांबवली, पण मान वळवली नाही. त्याने पुन्हा हाक मारली.

"ऐकतेय मी," ती वहीकडे बघतच म्हणाली.